मण्याचा कैवार

जपानी कलेचा विषय निघाला की आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य हायकू, पुष्परचना, चहाचा विधी आणि होकुसाइची लाट एवढ्यावर थांबतो. अलीकडे या यादीत ‘नेत्सुके’ या शब्दाची भर पडली आहे. एडमंड डी वाल या इंग्रज कुंभकाराने आपल्या घराण्याकडे वारशाने आलेल्या २६४ नेत्सुकेंची हकीकत सांगणारे ‘द हेअर विथ अँबर आइज’ हे पुस्तक २०१० साली प्रसिद्ध केले. ते अनेक भाषांत गेले आणि तेव्हापासून या चिमुकल्या कोरीव वस्तूंचे कौतुक वाढतच आहे. हस्तिदंती ससा, लाकडी उंदीर, झोपलेला भिक्षू. तळहातावर मावेल एवढे शिल्प आणि त्यात केवढे हे कौशल्य, असे जो तो म्हणतो. कौतुकाविषयी माझी तक्रार नाही. कौतुक करताना जे बेदरकारपणे कापून टाकले जाते, त्याविषयी आहे.

नेत्सुके ही एकटी वस्तू नव्हे. एका दोरीवर ओवलेल्या तीन वस्तूंपैकी ती एक आहे. दोरीच्या खालच्या टोकाला डबी, वरच्या टोकाला नेत्सुके आणि मध्ये एक मणी, असा तो संसार आहे. यांपैकी नेत्सुकेला ‘लघुशिल्प’ म्हणून कलेच्या सिंहासनावर बसवण्यात आले. डबीला ‘रोगणकाम’ म्हणून शेजारचे आसन मिळाले. मणी मात्र दाराबाहेरच उभा राहिला. या मण्याला जपानीत ‘ओजिमे’ म्हणतात. प्रस्तुत लेख त्याच्या बाजूने लिहिलेला आहे. मणी कोणी आणि का विसरला, याचा शोध घेतला की कलेविषयीची आपली एक लाडकी समजूत किती पोकळ आहे ते उघड होते, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम वस्तूंची ओळख करून घेणे इष्ट. जपानी पुरुषाच्या पारंपरिक पोशाखाला, म्हणजे किमोनोला, खिसा नसे. बाहीच्या झोळात किरकोळ जिन्नस राही. परंतु औषध, तंबाखू, पैसे, दौत-लेखणी अशा हाताशी हव्या असलेल्या गोष्टी कमरेला लटकवाव्या लागत. अशा लटकत्या वस्तूंना ‘सागेमोनो’ हे एकत्रित नाव आहे. त्यांत नाण्यांचा बटवा असे, तंबाखूची पिशवी आणि चिलमीची म्यान असे, आणि ‘याताते’ नावाचा शाई-कुंचल्याचा जोड असे. या सर्वांत देखणी वस्तू म्हणजे ‘इन्‌रो’ ही डबी. शब्दशः अर्थ शिक्क्याची करंडी. प्रारंभी शिक्का आणि त्याची शाई ठेवण्याशी संबंधित असलेली ही डबी पुढे औषधे बाळगण्यासाठी वापरली जाऊ लागली. चपट्या आकाराचे, एकावर एक नेमके बसणारे तीन ते पाच खण आणि वर झाकण अशी तिची बांधणी. उरुशी वृक्षाच्या चिकाचे रोगण थरावर थर चढवून आणि ओल्या रोगणावर सोन्याची भुकटी शिंपडून तिच्यावर नक्षी उमटवली जाई. खण असे घट्ट बसत की आतील औषधाला दमट हवा लागत नसे.

आता दोरीचा प्रवास पाहावा. रेशमी दोरी डबीच्या एका अंगाने खाली उतरते, तळाखालून वळसा घेते आणि दुसऱ्या अंगाने वर येते. तिचे दोन्ही पदर एकाच मण्यातून वर जातात आणि शेवटी नेत्सुकेच्या दोन भोकांत शिरून तेथे त्यांची गाठ बसते. हा सगळा गोफ ‘ओबी’च्या, म्हणजे रुंद कमरपट्ट्याच्या, आतून वर काढला की नेत्सुके पट्ट्याच्या वरच्या काठावर अडकते आणि डबी खाली लोंबते. ‘ने’ म्हणजे मूळ आणि ‘त्सुके’ म्हणजे जोडणे. ‘ओ’ म्हणजे दोरी आणि ‘शिमे’ म्हणजे आवळणे. संधीत त्याचे ‘जिमे’ होते. नावांतच कामाची वाटणी सांगितलेली आहे. एकाने अडकवायचे, दुसऱ्याने आवळायचे. आपल्या आजीच्या बटव्याची नाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून अधिक सांगण्याचे कारण नाही.

मण्याचे काम सोपे दिसते, पण ते तसे नाही. मणी खाली सरकवला की डबीचे खण एकमेकांवर दाबले जाऊन बंद होतात. वर सरकवला की दोरी सैल होऊन खण सुटे करता येतात. याचा अर्थ असा की मण्याचे वेज दोन पदरांना बरोबर पुरेल एवढेच हवे. ते किंचित मोठे झाले तर चालताना मणी घसरेल, डबी उघडेल आणि औषध रस्त्यात सांडेल. किंचित लहान झाले तर रेशीम झिजेल आणि एके दिवशी दोरीच तुटेल. सगळ्या जोडावर सर्वाधिक वेळा बोट लागते ते या मण्याला. नेत्सुके एकदा अडकवली की दिवसभर तिच्याकडे पाहिले नाही तरी चालते. मण्याला मात्र प्रत्येक वेळी हात घालावाच लागतो. एक ते दोन सेंटिमीटरच्या या गोळ्यावर पोवळे, अकीक, काच, हस्तिदंत, रोगण, शिंग, आणि विशेषतः धातू असे नाना पदार्थ वापरले गेले. तलवारीच्या मुठीवरील सोन्या-चांदीचे बारीक जडावकाम करणाऱ्या हातांनी धातूचे मणी घडवले आहेत. वडोदऱ्याकडच्या वाचकांना खंबायतचा अकीक ठाऊक आहे. मणी घासून चमकवण्यापेक्षा त्याला सरळ वेज पाडणे किती अवघड असते, हे त्यांना निराळे सांगायला नको.

एका जोडामागे किमान चार कसब उभे असत: रोगणकार, कोरक्या, मणी घडवणारा आणि दोरी विणणारा. आपल्याकडे सराफकट्ट्यावर दागिना सोनाराचा म्हणून ओळखला जातो आणि तो रेशमात गुंफून देणाऱ्या पटवेकऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. तसाच काहीसा प्रकार येथेही झाला. परंतु ज्या काळी या वस्तू वापरात होत्या त्या काळी ही उतरंड आजच्याइतकी कडक नव्हती. इनाबा त्सूर्यू हा ओसाकाचा तलवारीच्या साजाचा व्यापारी. त्याने १७८१ साली ‘सोकेन किशो’ हा सात खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथाचा मुख्य विषय तलवारीचा साज; आणि त्याच्याच अखेरच्या खंडात पन्नासाहून अधिक नेत्सुकेकारांची नावे दिलेली आहेत. क्योतोच्या तोमोतादाच्या बैलांना एवढी मागणी होती की त्यांच्या नकला सर्रास होत, ही माहितीही तेथेच मिळते. नेत्सुकेकारांची ही आद्य महत्त्वाची नोंद अंगावर वागवण्याच्या वस्तूंच्या पुस्तकात झाली, शिल्पकलेच्या पुस्तकात नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच यादीतील योशिमुरा शूझान हा कानो परंपरेतला मान्यवर चित्रकार होता. लाकडाची नेत्सुके कोरून रंगवण्यात त्याला कमीपणा वाटला नाही, आणि आपल्या कामावर त्याने नावही घातले नाही.

मग ही त्रयी फुटली कशी? उत्तर राजकारणात आणि शिवणकामात आहे. १८६८ साली तोकुगावा राजवट संपून मेइजी राजवट सुरू झाली. सरकारी अधिकाऱ्यांच्या समारंभाच्या पोशाखासाठी १८७२ मध्ये पाश्चात्त्य कपडे मुक्रर झाले. मार्च १८७६ मध्ये सामान्यतः तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि तलवारीच्या साजावर जगणारे धातुकार एका हुकमासरशी पोरके झाले. कोटाला खिसा आला, खिशात सिगारेटची पेटी आली, आणि कमरेला लटकवण्याचे प्रयोजन उरले नाही. गोव्यातील वाचकांसाठी येथे एक गमतीची नोंद करतो. जपानी भाषेत तंबाखूला ‘ताबाको’ आणि गुंडीला ‘बोतान’ म्हणतात. दोन्ही शब्द पोर्तुगीज आहेत. कोंकणीतला ‘बुतांव’ हा त्या ‘बोतान’चा सख्खा भाऊ. गोवा, मकाव, नागासाकी या जलमार्गाने पोर्तुगीज जहाजे सोळाव्या शतकात जपानला जाऊ लागली, आणि त्या संबंधांतून तंबाखूही तेथे रुजली. तंबाखूने सागेमोनोची भरभराट केली; पुढे गुंड्यांच्या आणि खिशांच्या कपड्यांनी तिचा अंत केला.

वापर संपला तेव्हा परदेशी गिऱ्हाईक दारात उभे होते. युरोप आणि अमेरिकेत जपानी वस्तूंचे वेड शिगेला पोहोचले होते. नेत्सुके लहान, टिकाऊ, हाताळायला गोड आणि त्या वेळी स्वस्त. दोरी कापली की ती खिशात टाकून समुद्रापार नेता येई. शार्ल एफ्रुसी या पॅरिसच्या धनिकाने १८७० च्या दशकात जो २६४ नगांचा संग्रह एकगठ्ठा विकत घेतला तो अशाच व्यापारातून आला होता. त्याने तो काचेच्या कपाटात मांडला. तेथून ‘नेत्सुके म्हणजे लघुशिल्प’ ही समजूत पक्की होत गेली. अल्बर्ट ब्रोकहाउस यांचा नेत्सुकेवरील जाडजूड जर्मन ग्रंथ १९०५ सालचा. उएदा रेइकिची यांच्या ग्रंथावर आधारलेली, रेमंड बुशेल यांनी सिद्ध केलेली इंग्रजी पुस्तिका १९६१ ची. ओजिमेवरचा नावाजलेला स्वतंत्र ग्रंथ, रॉबर्ट किन्सी यांचा, निघाला तो १९९१ साली. मण्याला किती वाट पाहावी लागली, ते या तीन सालांवरून समजावे.

याच सुमारास जपानमध्ये एक भाषिक घटनाही घडली. कलेला आज जपानीत ‘बिजुत्सु’ म्हणतात. हा शब्द व्हिएन्ना येथील १८७३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या तयारीत, तेथील जर्मन वर्गवारीचे भाषांतर करताना, घडवला गेला. त्याआधी जपानला कला नव्हती असे कोणी म्हणणार नाही. नव्हती ती ‘शुद्ध कला’ आणि ‘हुन्नर’ यांच्यामधली कुंपणाची भिंत. ती आयात झाली, आणि आपल्याकडेही ‘ललित कला’ व ‘उपयुक्त कला’ अशी जोडनावे घेऊन आली. वात्स्यायनाने कामसूत्रात दिलेल्या चौसष्ट कलांत गायन, नृत्य आणि चित्रकलेच्याच पंगतीला शिवणकाम, सुतारकाम आणि ‘मणिरागाकरज्ञान’, म्हणजे रत्ने रंगवण्याची व त्यांच्या खाणींची विद्या, बसलेली आहे. आपल्या पूर्वजांना जे सहज दिसत होते ते न दिसण्यासाठी आपल्याला बरेच शिक्षण घ्यावे लागले.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे विचारात घेतो. पहिला युक्तिवाद असा की उपयोगाचे ओझे उतरले की कला मुक्त होते, आणि मुक्त कला श्रेष्ठ असते. हा सिद्धान्त तपासण्याची फार चांगली संधी याच विषयात उपलब्ध आहे. मेइजी काळात परदेशी गिऱ्हाइकासाठी ‘ओकिमोनो’ मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. ओकिमोनो म्हणजे ठेवण्याची वस्तू: तेच विषय, तेच पदार्थ, बहुधा तेच कारागीर, परंतु दोरीची भोके नाहीत आणि अंगावर वागवण्याची अट नाही. सिद्धान्ताप्रमाणे यांतून श्रेष्ठ कृती निर्माण व्हायला हव्या होत्या. काही उत्तम झाल्याही. परंतु बहुसंख्य ओकिमोनो पाहावेत: पसरलेल्या काठ्या, उडणारे पदर, मोजून दाखवलेली प्रत्येक सुरकुती. सारी करामत डोळ्यांपुढे, आणि पाठ फिरवली की काहीच लक्षात राहत नाही.

याउलट नेत्सुकेला किती अटी होत्या ते पाहावे. कोठेही टोक बाहेर यायचे नाही, कारण ते रेशमात अडकेल किंवा तुटेल. वजन असे हवे की पट्ट्यावरून घसरणार नाही, पण ओझेही होणार नाही. दोन भोके अशा ठिकाणी हवीत की लटकवल्यावर तोंड बाहेर राहील. बोट कोठूनही फिरणार, म्हणून पाठ आणि तळ हेही तोंडाइतकेच कोरलेले हवेत. या अटींमुळेच बैल पाय पोटाशी घेऊन बसला, उंदराने शेपूट अंगाभोवती गुंडाळले आणि माकडाने गुडघ्यांना मिठी मारली. ज्या आटोपशीर घडणीवर आपण लुब्ध होतो ती कमरपट्ट्याने घडवलेली आहे. काइग्योकुसाइ मासात्सुगु (१८१३–१८९२) हा ओसाकाचा अव्वल कोरक्या. तो अनेकदा भोके निराळी पाडतच नसे. प्राण्याचा पाय आणि पोट यांमधील स्वाभाविक फटीतूनच दोरी जाईल अशी घडण तो करी. अट म्हणजे अडचण असे मानणाऱ्याला हे सुचले नसते. वापरातून येणारी झिलई तर कोणत्याही हत्याराने आणता येत नाही. जाणकार तिला ‘नारे’ म्हणतात आणि तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. वापराला कनिष्ठ म्हणायचे आणि वापराच्या खुणेला चढा भाव द्यायचा, हा न्याय मला उमगलेला नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक सावध आहे. जुन्या काळीही मालक ऋतुमानाप्रमाणे किंवा प्रसंगाप्रमाणे मणी आणि नेत्सुके बदलत. आज संग्रहालयांत दिसणारे कित्येक ‘जोड’ व्यापाऱ्यांनी नंतर जुळवलेले आहेत. मग त्रयी अभंग होती असे कशावरून? तपशील खरा आहे, निष्कर्ष खोटा आहे. मालक मणी बदलत असे, याचाच अर्थ मण्याची जागा रिकामी राहू शकत नसे. कुंकवाची डबी बदलली म्हणून कुंकू अनावश्यक ठरत नाही. किंबहुना या अदलाबदलीतच मालकाच्या रसिकतेची कसोटी असे. डबीवर एखाद्या कथेतील एक प्रसंग असेल, तर नेत्सुकेवर तिचेच दुसरे पात्र योजून मण्यावर केवळ एक सूचक चिन्ह ठेवणे, ही निवड स्वतंत्र कला होती आणि तिचा कर्ता वापरणारा होता. एदो काळात व्यापारी वर्गाला समाजाच्या उतरंडीत खालचे स्थान होते आणि थाटामाटावर सरकारी निर्बंध होते. त्या काळी माणसाची ऐपत आणि अभिरुची कमरेच्या या वीतभर दोरीवर वाचता येत असे. दोरी कापली तेव्हा आपण त्या मालकाचेही म्हणणे कापले.

तिसरा युक्तिवाद कृतज्ञतेचा आहे. परदेशी संग्राहकांनी या वस्तू जपल्या नसत्या तर त्या नाहीशा झाल्या असत्या, तेव्हा त्यांच्यावर टीका कशाला? संग्राहकांचे ऋण मी मान्य करतो. लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाला बुशेल दांपत्याकडून सहाशेंहून अधिक नेत्सुके मिळाल्या. क्योतोमध्ये २००७ साली एका जुन्या सामुराई वाड्यात नेत्सुकेचे स्वतंत्र संग्रहालय उघडले. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात राजपुत्र ताकामादो यांच्या संग्रहातील आधुनिक नेत्सुके आहेत. ही कामे मोठी आहेत. परंतु जपणूक करणाऱ्याला वस्तूची व्याख्या बदलण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. आणि एफ्रुसी संग्रहाची हकीकतच पाहा. १८९९ साली तो लग्नाचा अहेर म्हणून व्हिएन्नाला गेला. तेथे घरातील मुले आईच्या शृंगारदालनात त्या वस्तूंशी खेळत. १९३८ मध्ये नाझींनी घर लुटले तेव्हा ॲना नावाच्या मोलकरणीने त्या थोड्या थोड्या करून ॲप्रनच्या खिशातून नेल्या आणि आपल्या गादीत दडवल्या. मोठमोठी चित्रे गेली. या वाचल्या, कारण त्या अंगावर बाळगण्याच्या मापाच्या होत्या. २०१८ साली त्यांतील ७९ निर्वासितांच्या मदतीसाठी लिलावात विकल्या गेल्या आणि बऱ्याचशा व्हिएन्नाच्या ज्यू संग्रहालयाला दीर्घ मुदतीने दिल्या गेल्या. या सबंध कथेत कपाटाचा वाटा सर्वांत कमी आहे.

‘कला’ हे बिरूद केवळ मानाचे नसते, त्याला बाजारभाव असतो आणि कायद्यात सवलतही असते. हत्तींच्या रक्षणासाठी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय १९८९ साली झाला. भारतात १९८६ मध्ये देशी आणि १९९१ मध्ये आयात केलेल्या हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद करण्यात आला. ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ मध्ये अमलात आला. त्यात १९१८ पूर्वीच्या, असाधारण कलात्मक, सांस्कृतिक किंवा ऐतिहासिक मूल्य असलेल्या वस्तूंना प्रमाणपत्र घेऊन सवलत मिळते. तेव्हा आपली नेत्सुके ‘असाधारण कला’ ठरवण्याची निकड कोणाला आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईल. हत्तीच्या बाजूने असण्यात मला दुसरे मत नाही. या कलेला हस्तिदंत अपरिहार्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी इवामी प्रांतातील तोमिहारू आणि त्याची कन्या बुन्शोजो यांचे काम पाहावे. रानडुकराच्या सुळ्यावर त्यांनी जे कोरले ते कोणत्याही हस्तिदंताला मागे सारील. शिवाय शिसवी, बॉक्सवूडचे पिवळसर लाकूड, सांबरशिंग, कठीण कवचाची फळे, हे सारे होतेच. पदार्थाची किंमत आणि कामाची किंमत यांची गल्लत करण्याची सवय बाजाराची आहे. रसिकांनी ती उचलू नये.

मी आयुष्याची बत्तीस वर्षे सरकारी कचेऱ्यांत काढली. तेथे ‘डेड-स्टॉक रजिस्टर’ नावाची एक नोंदवही असते. तिच्यात कुलुपाला एक अनुक्रमांक आणि किल्लीला दुसरा दिलेला मी पाहिला आहे. वार्षिक पडताळणीत दोन्ही वस्तू हजर सापडत, नोंदीसमोर बरोबरची खूण होई आणि कुलूप काही उघडत नसे. कारण त्या क्रमांकाची किल्ली त्या क्रमांकाच्या कुलुपाची आहे, हे लिहिण्यासाठी वहीत रकानाच नव्हता. पदार्थानुसार वर्गवारी करणाऱ्या संग्रहालयांत हेच घडते. डबी रोगणकामात, नेत्सुके हस्तिदंतात, मणी धातूच्या किंवा दागिन्यांच्या विभागात. प्रत्येक नग सुरक्षित, प्रत्येकावर क्रमांक, आणि तिन्ही मिळून काय करत होते हे सांगणारे कोणी नाही. एका मोठ्या शहरातील संग्रहालयात इन्‌रोखाली केवळ ‘जपानी डबी’ एवढीच चिठ्ठी मी वाचली आहे. तिच्या दोन्ही अंगांना दोरीच्या वाटा स्पष्ट दिसत होत्या. दोरी नव्हती, आणि ती नाही याची खंतही चिठ्ठीत नव्हती.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत आणि त्यांपैकी एकीलाही फारसा खर्च नाही. सुटी नेत्सुके मांडताना शेजारी एक साधे रेखाचित्र असावे, ज्यात पट्टा, दोरी, मणी आणि डबी आपापल्या जागी दिसतील. नोंदणीत मण्याला स्वतःचे वर्णन असावे: पदार्थ, वेजाचे माप, सही असल्यास सही, आणि जोड नंतर जुळवलेला असेल तर तसे प्रामाणिकपणे लिहावे. तिसरे असे की नेत्सुकेची पाठ आणि तळ दिसावेत, निदान आरशात. कारण भोके तेथे असतात आणि भोके पाहिल्याशिवाय ती वस्तू पाहिली असे होत नाही. हैदराबादकरांना सालारजंग संग्रहालयात जपानी वस्तूंचे दालन आहे. तेथे किंवा अन्यत्र जपानी वस्तू पाहताना ही कोणाच्या अंगावर, कशाला जोडून, कोणत्या हाताने वापरली जाई, एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली तरी पुष्कळ झाले.

हा प्रश्न जपानपुरता थांबत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते आपण कौतुकाने पाहतो. परंतु अडकित्ता एकटा नव्हता. त्याच्यासोबत पानाचा डबा होता, चुनाळे होते, चंची होती. आणि चंचीला ती गुंडाळून बांधण्याची दोरी होती. अडकित्ता पितळी आणि देखणा म्हणून संग्राहकाने उचलला. चंची कापडाची, ती फाटली आणि गेली. ती कशी शिवत, तिला कप्पे किती, दोरी कोणत्या अंगाने गुंडाळत, हे सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. आपापल्या घरांत, मग ती ग्वाल्हेरच्या वाड्यातली असोत की बेळगावच्या गल्लीतली, असे तुटके जोड पडून आहेत. डबा आहे, झाकण नाही. बटवा आहे, नाडी नाही. मणी कशाचे ते कोणालाच ठाऊक नाही.

जपानमध्ये १९९० आणि २००० च्या दशकांत मोबाइल फोनला दोरी लावून तिच्यावर छोटे नेत्सुकेसारखे दागिने अडकवण्याची मोठी टूम निघाली होती. पंडितांनी त्याला बाजारू म्हटले असेल. मला त्यात परंपरेची ओळख दिसते. कोणाही कलासमीक्षकाला न विचारता तरुण मुलामुलींनी दोरी पुन्हा ओवली होती. पुढे फोनची घडण बदलली, दोरीचे भोक अनेक फोनांतून नाहीसे झाले आणि ती टूमही ओसरली. भोक गेले की कला जाते, हा धडा दीडशे वर्षांत दुसऱ्यांदा मिळाला.

या अंकाच्या वाचकांना माझी विनंती आहे. येत्या दिवाळीच्या साफसफाईत जुनी पेटी उघडाल तेव्हा सुंदर तेवढे बाजूला काढून उरलेले भंगारात देऊ नका. सुटलेली दोरी, एकटा मणी, हुक निघालेली साखळी, हे सारे कशाचे आहे ते घरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारा आणि कागदावर लिहून त्या वस्तूबरोबर ठेवा. वस्तूचे नाव, ती कशाला जोडलेली होती आणि कोण वापरत असे, या तीन ओळी पुरेत. त्या लिहिण्यासाठी पंडित होण्याची गरज नाही. फक्त विचारण्याला उशीर होऊ देऊ नये.